दोनशे बारा वेळा वीरभद्रप्पा

वीरभद्रप्पा माझे शत्रू झाले ते एका सोमवारी दुपारी साडेबाराला, मी डबा उघडायच्या आधी. शत्रुत्व एकतर्फी होतं. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, त्यामुळं ते सगळं मला एकटीलाच वाहावं लागलं.

मी महानंदा कोरे. सोलापूरच्या विद्यापीठात ग्रंथालय सहायक. वीस वर्षं झाली. त्यातली शेवटची तीन वर्षं माझं काम एकच: पीएच.डी.चे जाडजूड प्रबंध स्कॅन करायचे. आपल्याकडचं सगळं संशोधन जगात कुणालाही घरबसल्या, फुकट वाचता यावं, म्हणून विद्यापीठानं संगणकावर एक खुला संग्रह करायचं ठरवलं. प्रत्येक प्रबंधाच्या दोन प्रती असतात. एक कपाटात राहते. दुसरीची बांधणी कापायची, सुटी पानं यंत्राला चारायची आणि काम झालं की रद्दीत टाकायची. दोन लाखांवर पानं माझ्या हाताखालून गेली. स्कॅन करताना कुणी वाचत नाही. पान सरळ आहे का, कोपरा दुमडलाय का, एवढंच बघायचं. लोकांच्या नावापुढं डॉक्टर लागलं आणि माझ्या नाकात धूळ गेली. कुणाची म्हैस अन् कुणाला ऊठबैस.

तर त्या सोमवारी संग्रह सुरू झाला. संगणकावर काम करणारी काव्या नावाची मुलगी आहे, तिनं पानापानातला शब्द शोधता येईल अशी सोय केली होती. मग काय, खेळच सुरू झाला. ज्याचं त्याचं नाव टाकायचं आणि किती प्रबंधांत येतंय ते बघायचं. आमच्या ग्रंथपाल उत्कर्षा मॅडमचं नाव तीन ठिकाणी निघालं. इतिहासाच्या एका निवृत्त सरांचं एकोणीस. त्यांनी लगेच छाती पुढं काढली.

तेवढ्यात वीरभद्रप्पा आले. भवानी पेठेत त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. कुणातरी विद्यार्थ्याचा प्रबंध पेनड्राइव्हवर घेऊन आले होते.

"अप्पा, तुमचंबी टाकू का नाव?" काव्यानं विचारलं.

"माझं? मी काय लिवलंय, बाई? मी नुसतं बडवलंय."

तिनं टाकलं. पडद्यावर आकडा आला: २१२.

मग टाळ्या. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडं प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं. आधी मार्गदर्शक, मग प्राचार्य, मग आईवडील, मग बायको आणि 'चिमुकला अमुक, ज्याच्या वाट्याचा वेळ मी हिरावून घेतला'. आणि अगदी शेवटी: 'प्रबंधाचे सुबक टंकलेखन करून देणारे भवानी पेठेतील श्री. वीरभद्रप्पा यांचे मनःपूर्वक आभार.' अठरा वर्षांत दोनशे बारा वेळा. एकोणीसवाले सर चहा न घेता गेले.

"आता मॅडम तुमचं," काव्या माझ्याकडं वळली.

"मला डबा खायचाय," मी म्हटलं.

खरं कारण तिला काय सांगणार? माझ्या नावाला शून्य येणार, हे मला माहीत होतं. ते शून्य चारचौघांत कशाला बघायचं? त्या दिवशी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. ती मी तशीच घरी परत नेली.

मला हेवा वाटला. आडपडदा कशाला ठेवू? मी एम.ए. झालेली. पीएच.डी.ला नावही घातलं होतं. अक्कलकोटकडच्या बायका कन्नड आणि मराठी मिसळून लग्नाची गाणी म्हणतात, तो माझा विषय. चार प्रकरणांचं कच्चं काम झालं आणि वडील अंथरुणाला खिळले. ते राहिलं ते राहिलंच. त्यात माझा खुळेपणा असा की पहिलं प्रकरण लिहायच्या आधी मी ऋणनिर्देश लिहून ठेवला होता. दीड पान! तो अजून ट्रंकेत आहे. आभार मानायला मी तयार होते, फक्त कशाबद्दल मानायचे तेच घडलं नाही.

आणि हा माणूस? याचं शिक्षण किती, तर दहावी नापास. तेही मराठीत! घरात कन्नड, शाळा कन्नड, मग वडिलांना गिरणीत काम लागलं म्हणून कुटुंब सोलापुरात आलं आणि पोराला मराठी शाळेत ढकललं. दोनदा बसले, दोनदा उडाले. गिरणी बंद पडली तेव्हा कोर्टाबाहेर स्टुलावर बसून अर्ज बडवायला लागले. बायको लवकर गेली. एक मुलगी, रुद्राणी. तिला मांडीवर घेऊन टाइप करायचे, म्हणतात. पुढं संगणक आला, तोही पन्नाशीच्या तोंडावर शिकले. हे सगळं मला कसं माहीत? हेव्यापोटी माणूस जेवढी चौकशी करतो तेवढी प्रेमापोटी करत नाही.

मी त्यांचं दुकानही बघून आले. उशीचं कव्हर आणायचं निमित्त काढलं. जिन्याखालची खोली, एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला चादरीवाला. शनिवार होता. अकलूजचे एक मास्तर आणि वैरागच्या एक बाई पिशव्या घेऊन बसलेल्या. असं तिथं दर शनिवारी चालतं. बाहेरगावचे विद्यार्थी, बहुतेक शिक्षकच, सकाळच्या एसटीनं येतात आणि दिवसभर अप्पांच्या शेजारी बसून दुरुस्त्या करून घेतात. आणि बोलत राहतात. मार्गदर्शक कसा पाण्यात बघतो, सासू काय म्हणते, कुठलं पुस्तक कुठं मिळालं. अप्पांची बोटं चालू आणि कान उघडे. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "या अक्का. ऊट आतेनु?"

जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणतात. आमच्या कन्नड घरांत बाईला मान द्यायची ती रीत आहे. मला त्या दिवशी ते अक्काही टोचलं. सगळे त्यांच्या शेजारी बसून मन मोकळं करतात आणि माझ्या खिडकीशी येऊन नुसती चिठ्ठी सरकवतात.

पुढच्या आठवड्यात एका पेपरात बातमी आली. 'दोनशे बारा प्रबंधांत एकच नाव.' फोटोत अप्पा कीबोर्डवर हात ठेवून बसलेले, गंध लावलेलं, नवा शर्ट. रिक्षावाल्यापासून कुलसचिवांपर्यंत सगळे त्यांना ओळखायला लागले. ग्रंथालयात आले की काव्या खुर्ची पुढं करायची. मी वीस वर्षं त्या इमारतीत आहे. मला कुणी कधी खुर्ची दिली नाही, कारण ती मीच इतरांना देत आले.

मग बैठक झाली. संग्रहातल्या त्रुटी काय, यावर. त्रुटी पुष्कळ होत्या, पण मी एकच मांडली. इतक्या शांतपणे मांडली की माझं मलाच कौतुक वाटलं.

"मॅडम, ऋणनिर्देशात लोकांच्या घरच्यांची नावं आहेत, लहान मुलांची आहेत, काहींनी फोन नंबर दिलेत. ही खासगी माहिती जगभर उघडी पडतीय. आणि तो काही संशोधनाचा भाग नाही."

उत्कर्षा मॅडम नव्या होत्या आणि घाबरट. "बरोबर आहे तुमचं. काढून टाका."

प्रत्येक प्रबंधाचे आम्ही तुकडे करून ठेवले होते: मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग प्रकरणं. त्यामुळं फाईल उघडायचीही गरज नव्हती. खूण करायची आणि पुसायची. आठशे चाळीस प्रबंध, आठशे चाळीस ऋणनिर्देश. मी दोन दिवसांत काम संपवलं. एरवी दोन आठवडे घेतले असते. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही लिहून ठेवते.

महिनाभरानं, गुरुवारी, अप्पा आले. बरोबर चाळिशीची बाई, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर उन्हाचा त्रास.

"अक्का, ही माझी रुद्राणी. हुबळीला शाळेत शिकविती. उद्या जायचीय. जरा ते नाव दाखवा की हिला."

काव्या रजेवर होती. म्हणजे टाइप मीच करायचं होतं. मी वेलांटीचीही चूक न करता त्यांचं नाव टाकलं. पडद्यावर आलं: एकही निकाल नाही.

अप्पा वाकून बघत राहिले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"हितं आकडा होता. दोनशे बारा. पेपरात आलं होतं बघ, पाठवलं होतं की मी तुला."

"राहू द्या, अप्पा," रुद्राणी म्हणाली. मुलं म्हाताऱ्या माणसाशी बोलताना जो आवाज काढतात, तो. "पेपरवाले काय, काहीही छापतात."

तो आवाज मला ओळखीचा होता. वडील शेवटी शेवटी काही सांगायला लागले की मी त्यांच्याशी तसंच बोलायचे.

"छापलेलं न्हाय गं, मी डोळ्यांनी बघितलंय. अक्का होत्या की." ते माझ्याकडं वळले. मी कीबोर्डकडं बघत होते. "मशीनचं कायतरी असंल. असू दे. माझं ऱ्हाऊ द्या, अक्कांचंच टाका. ते तरी दिसंल."

"माझं कुठलं नाव, अप्पा?"

"आसं कसं? चाळीस-पन्नास ठिकाणी तरी मी सोता घातलंय."

मला कळेना. मी त्यांच्याकडं बघितलं.

"पोरं येत्यात, बोलत बसत्यात," ते म्हणाले. "कोरेबाईंनी तळाच्या कपाटातनं काढून दिलं म्हणून मिळालं बघा अप्पा, न्हायतर माझा प्रबंध बुडाला होता. आसं तोंडानं सांगत्यात. लिवायची येळ आली की गाइड, प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष! बाई ऱ्हातीच. मग मी घालतो एक ओळ."

"न विचारता?"

"वाचून दाखवतो की. कोण न्हाय म्हणत न्हाय, उलट वरमत्यात. आणि आभाराच्या पानाचं मी पैसं घेत न्हाय, अक्का. पैल्यापासनं. फुकटच्या पानावर एक ओळ जास्त आली तर कोण काय म्हणणार? टाका, टाका तुमचं नाव."

मी टाकलं. स्वतःचं नाव त्या शोधाच्या चौकटीत मी पहिल्यांदाच टाकत होते. महानंदा कोरे. एकही निकाल नाही.

इतके दिवस ज्या शून्याला भीत होते ते समोर आलं. आणि ते मीच, माझ्या हातानं, दोन दिवस न थांबता तयार केलं होतं. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापणाऱ्याची म्हण आपण लोकांना ऐकवतो. पण कापलेल्या नाकानं खुर्चीत बसून राहावं लागतं आणि समोरचा वर आपलीच समजूत घालतो, हे त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

"जाऊ द्या, वाईट वाटून घेऊ नका," अप्पा मला म्हणाले. "परत येईन मी."

रुद्राणीनं त्यांचा दंड धरला आणि दोघं पायऱ्या उतरून गेले. खरं काय ते मी सांगायला हवं होतं. दारापर्यंत जाऊन मी थांबले.

ते गेल्यावर मी आतल्या कपाटांकडं गेले. सुटी पानं रद्दीत गेली होती, पण प्रत्येक प्रबंधाची दुसरी प्रत जागेवर होती. हाताला आला तो पहिला काढला. गिरणीत काम केलेल्या बायकांवरचा, पंधरा वर्षांपूर्वीचा. ऋणनिर्देश काढला. शेवटून दुसरी ओळ: 'गिरणी कामगारांविषयीचा जुना अहवाल भर मे महिन्यात, वीज गेलेली असताना, तळाच्या कपाटातून शोधून देणाऱ्या ग्रंथालयाच्या श्रीमती महानंदा कोरे यांनी मला एकदाही 'नाही' हा शब्द ऐकवला नाही. त्यांची मी ऋणी आहे.'

मला तो दिवस आठवला. ती मुलगी आठवली, घामानं भिजलेली. मी तिला बसायला स्टूल दिलं होतं आणि माझ्या साडीला कपाटाचा गंज लागला होता. एवढं तिनं दुकानात बसून सांगितलं असणार आणि मराठीत दोनदा नापास झालेल्या माणसानं त्याचं हे वाक्य केलं होतं. मी तिथंच फरशीवर बसून रडले. आणि रडतानाही मनात आलं, असं वाक्य मला जमलं नसतं. दीड पानाच्या माझ्या ऋणनिर्देशात असं एकही नाही.

शनिवारी सकाळी भवानी पेठेत गेले. दुकानात अजून कुणी नव्हतं.

"अप्पा, ती पानं मशीननं नाही खाल्ली. मी काढली. तुमचं नाव दिसू नये म्हणून."

त्यांची बोटं थांबली.

"का?"

"मला हेवा वाटला."

मला वाटलं, हसतील. मोठ्या मनानं काहीतरी बोलतील. त्या आशेवरच मी गेले होते, खोटं कशाला सांगू? ते म्हणाले, "रुद्राणी काल गेली." आणि थोड्या वेळानं, "लहानपणी ती वर्गात सांगायची न्हाय, बाप काय करतो ते. म्हटलं होतं, आता दाखवावं."

मग ते परत टाइप करायला लागले. ऊट आतेनु विचारलं नाही. मी उठले तेव्हाही मान वर केली नाही.

उत्कर्षा मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, फोन नंबर तेवढे झाका आणि पानं परत लावा. तुमच्या वेळात लावा. ते बरोबरच होतं. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक जाड प्रत काढायची, काचेवर पालथी घालायची, दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि एकच पान घ्यायचं. आता मात्र मी वाचत होते. आठशे चाळीस माणसांनी कुणाकुणाचे आभार मानलेत ते सगळं वाचलं. खानावळवालीचे, एसटीच्या कंडक्टरचे, एकीनं तर न भांडल्याबद्दल जावेचे. अप्पांचं काम कुठलं ते मला ओळखू यायला लागलं. जिथं कुणी लहान माणूस एका ओळीत उभा राहिलेला दिसायचा, तिथं शेवटी टंकलेखनात त्यांचंच नाव निघायचं.

पाच महिने लागले. शेवटचं पान चढवलं आणि दोन्ही नावं टाकून बघितली. वीरभद्रप्पा दोनशे बारा. महानंदा कोरे सेहेचाळीस. अप्पांच्या शेजारच्या शिंप्याकडनं नंबर मिळवून पडद्याचा फोटो मी रुद्राणीला पाठवला, खाली संग्रहाचा दुवा दिला आणि लिहिलं की त्या दिवशीचं शून्य माझं होतं, तुमच्या वडिलांचं नव्हतं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. एकच शब्द: 'वाचतेय.'

त्यानंतरच्या सोमवारी अप्पा आले. इतके दिवस ते फिरकले नव्हते. काव्यानं खुर्ची द्यायच्या आधी मी दिली. ते बसले, खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. माझ्या बंद डब्याकडं बघितलं.

"ऊट आतेनु, अक्का?"

"झालं," मी म्हटलं. झालं नव्हतं.

ते गेल्यावर मी प्रबंध उघडला. वैरागच्या त्या बाईंचा होता. आता मी सगळ्यात आधी ऋणनिर्देशच उघडते. मार्गदर्शक, प्राचार्य, नवरा, सासू. मग माझं नाव होतं, पूर्ण, श्रीमतीसकट. आणि तिथंच पान संपलं होतं. टंकलेखनाची ओळ नव्हती. मी खाली सरकवून बघितलं, पुढचं पान बघितलं. नव्हती. माझी ओळ घातली होती त्यांनी. स्वतःची घातली नव्हती.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. प्रबंधाच्या अर्जावर बाईंचा नंबर होता. मी फोन लावला.

"विद्यापीठाच्या ग्रंथालयातनं बोलतेय. प्रबंध मिळाला. पण तुमच्या आभाराच्या पानात एक ओळ राहिलीय."

"अगंबाई! कुणाची हो?"

मी सांगितलं. बाई वरमल्या. "लिहून घ्या ना मॅडम तुम्हीच, मला सुचत नाही असलं."

मग मी वही ओढली आणि लिहायला लागले. चारदा खोडलं. पाचव्यांदा एक ओळ झाली, ती बाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, छान आहे. मला माहीत आहे, अप्पांनी याहून चांगली केली असती.

आता त्यांचे दोनशे तेरा आहेत आणि माझे सत्तेचाळीस. मोजायची माझी सवय अजून गेलेली नाही.